तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचे शिपाई आपल्या सैन्यात चालतात का?

फोंड्यात माझं खेळाचं टेबल पाहिलेला जवळपास प्रत्येक जण हे दोन प्रश्न विचारतो. एवढे महागाचे शिपाई कापता कशाला? आणि एका सैन्याचे शिपाई दुसऱ्या सैन्यात घातले तर चालतं का?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रंगवलेले छोटे शिपाई टेबलावर मांडायचे, पट्टीने अंतर मोजून हलवायचे, फासे टाकून कोण पडला ते ठरवायचं. माझे शिपाई २८ मिलिमीटरचे, म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढ्या उंचीचे. आणि माझी लढाई १६८३ ची. त्या वर्षी पोर्तुगीज विजरईने, म्हणजे गोव्यातल्या व्हाइसरॉयने, फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, तोफांनी तटाला भगदाड पाडलं. संभाजी महाराज फौज घेऊन पोचले तसा त्याला वेढा उठवून माघारी फिरावं लागलं. त्याच नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटही घेतलं. मी राहते त्या गावात घडलेली लढाई मला टेबलावर हवी होती. पण शोधायला लागले तर रोमन मिळतात, नेपोलियनचे फ्रेंच पेट्या भरभरून मिळतात, तुर्क मिळतात. मला हवा तसा सतराव्या शतकातला मावळा काही मिळेना. मग कापल्याशिवाय उपाय काय?

चालतं का, तर चालतं. मुळात हुबेहूब शिपायांची अट नव्हतीच. प्रशियाच्या लष्कराने १८२४ साली जो युद्धखेळ स्वीकारला त्यात शिपाई नव्हतेच, नकाशावर ठोकळे सरकवत. वॉरहॅमर ४०,००० हा खेळ १९८७ मध्ये आला, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत तो काढणाऱ्या कंपनीच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा रणगाडा कसा करायचा हे छापून आलं होतं. आज त्याच कंपनीच्या दुकानांतल्या खेळात बाहेरच्या कंपनीचे शिपाई चालत नाहीत. त्यांचं दुकान, त्यांचा नियम. घरच्या टेबलावर मात्र एकच माणूस विचारात घ्यायचा: समोर बसलेला. त्याला हातभर अंतरावरून, तुम्हाला न विचारता, काय आहे ते कळलं पाहिजे. भालेकरी असेल तर भाला दिसायला हवा, बंदूकवाला असेल तर बंदूक. तोच शिपाई आज बंदूकवाला आणि पुढच्या डावात पटेकरी असं मला खपत नाही. बेसचा, म्हणजे शिपाई ज्यावर उभा असतो त्या बैठकीचा, आकारही नियमात लिहिलेलाच ठेवायचा, कारण अंतर बेसपासून मोजतात आणि हातघाईत किती जण भिडले तेही बेसवरूनच ठरतं. उंचीचंही तसंच. ज्या खेळात शिपायाच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकून समोरचा दिसतो का ते बघतात, तिथे बुटका शिपाई भिंतीआड फुकट लपतो. हे सांभाळलंत की बाकी सगळं तुमच्या हातात.

मावळा कसा करते ते सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. सतराव्या शतकातल्या युरोपीय पायदळाची प्लास्टिकची पेटी घ्यायची. रुंद काठाची हॅट धारदार पात्याने भुवयांच्या रेषेपर्यंत उतरवायची. पायांतले बूट घासून सपाट करायचे. मग मुंडासं. आतला गोळा एम-सीलचा, कारण तो झटपट घट्ट होतो आणि वाळल्यावर घासता येतो. पण त्यावर बारीक चुण्या नीट उठत नाहीत. वरचे पेच ग्रीन स्टफचे, निळी-पिवळी पट्टी मळून हिरवी होते ती पुटी. ती दीड-दोन तास हाताखाली राहते आणि वाळल्यावरही थोडी लवचीक असते. मळल्यावर लगेच हात लावायचा नाही; अर्धा तास थांबलं की चिकटपणा उतरतो. मग तिचे दोऱ्यासारखे वळ करून एकावर एक तिरके बसवायचे आणि पाण्यात बुडवलेल्या सुईने प्रत्येक पेचाची कड दाबायची. मामांच्या चित्रशाळेत चवथीच्या आधी गणपतीची बोटं करायला मी बसायची. ओलं बोट, हलका दाब, आणि माती ओढायची नाही, ढकलायची, हे तिथे शिकलेलं इथे जसंच्या तसं कामाला येतं. कंबरेचा शेलाही त्याच पुटीचा.

घोड्यांसाठी युरोपीय पेटी घेऊ नका. ते घोडे फार भारी दिसतात. भीमथडीचं तट्टू लहान चणीचं. मंगोल घोडेस्वारांच्या पेटीतले घोडे त्याला जवळचे. घोडा लहान झाला तरी बेस मात्र बाकी घोडदळाएवढाच.

१/७२ मापाचे स्वस्त मऊ प्लास्टिकचे शिपाई मिसळू का, असंही विचारतात. नको. २८ मिलिमीटरच्या शेजारी ते पोरसवदा दिसतात, त्या प्लास्टिकला गोंद धड धरत नाही आणि वाकवलं की रंगाचे पोपडे निघतात. कडक प्लास्टिक असेल तर प्लास्टिक सिमेंट वापरा, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. धातूवर त्याचा उपयोग नाही; तिथे फेविक्विक, आणि जड भाग असेल तर एक मिलिमीटरचं भोक पाडून आत पेपरक्लिपची तार. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारू नका, दमट हवेत खरखरीत पांढुरका थर बसतो. जून ते सप्टेंबर मी प्रायमर ब्रशनेच लावते.

एक गोष्ट मी करत नाही आणि करणाऱ्यांबरोबर खेळतही नाही: एक शिपाई विकत घ्यायचा आणि साचा काढून त्याचे पन्नास ओतायचे. विकत घेतलेला शिपाई कापायचा हक्क माझा. पण तो ज्याने घडवला त्याची मेहनत फुकट उचलायची नाही.

सध्या टेबलावर विजरईची फौज आहे, आणि ती मावळ्यांपेक्षा अवघड जातेय. हॅट घातलेले पोर्तुगीज पेटीतून जवळपास तयारच निघतात. पण त्या फौजेत इथले लोकही होते, आणि ते दाखवायचे तर पुन्हा मुंडासंच बांधायला हवं. नुसते हॅटवाले मांडले असते तर ओळखायला सोपं गेलं असतं, पण ती फौज खरी झाली नसती. म्हणून मी त्यांना मुंडासंच बांधलं, हातात पोर्तुगीज पेटीतलीच बंदूक दिली आणि विजरईच्या प्रत्येक शिपायाच्या बेसची कड निळी रंगवली. डाव सुरू करायच्या आधी समोरच्याला तेवढं सांगते: निळी कड ती विजरईची माणसं.