पिस्तुलासाठी लावलेली भिशी

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करतो. तिथे दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. वयाच्या 36व्या वर्षी मी एअर पिस्तूल नेमबाजी शिकू लागलो आणि स्वतःचे पिस्तूल हाती यायला पुढची तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांचा हिशेब इथे मांडतो आहे, कारण सुरुवातीला मला तो सांगणारे कोणी भेटले नव्हते.

खरे तर माझे मन रायफलवर होते. रेंजवर पहिल्या दिवशी तिथल्या प्रशिक्षक सरांनी नेमबाजीविषयी काही विचारण्याआधी नोकरी कुठे, शिफ्ट कशा असतात आणि घरखर्च भागवून महिन्याला किती पैसे बाजूला निघतात, एवढेच विचारले. तेव्हा मला ते थोडे खटकले होते; आज मात्र नवशिक्याला विचारावा असा तोच पहिला प्रश्न आहे, असे माझे ठाम मत आहे. रायफलसाठी जाड कापडाचे, अंगाच्या मापाचे जॅकेट, तशीच पँट, खास बूट आणि हातमोजा हे सगळे रायफलच्या किमतीखेरीज घ्यावे लागते, तर पिस्तूलवाल्याचे सपाट तळाच्या साध्या बुटांवरही भागते. शिवाय 4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. पॉइंट टू टूच्या, म्हणजे काडतुसाच्या बंदुकीच्या, वाटेला गेलो असतो, तर परवान्यासाठीच्या फेऱ्याही रजा टाकून माराव्या लागल्या असत्या. अशा रीतीने माझा क्रीडाप्रकार माझ्या पगाराने ठरवला.

क्लबचे पिस्तूल आम्ही सहा जण वापरत होतो. त्याची लाकडी ग्रिप माझ्या तळव्याला मोठी पडत असे, पण सामायिक वस्तू असल्याने ती कानसून घेता येत नव्हती. छर्र्यांचा 500 चा डबा मला 900 रुपयांना पडत असे. स्पर्धेत 60 नेम मोजले जातात. रोज तेवढे मारले, तर डबा नऊ दिवसही पुरत नाही. म्हणून सरांनी एका छोट्या डबीत मोजून 30 छर्रे न्यायचे आणि उरलेला सराव ड्राय करायचा, असा नियम घालून दिला. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून, छर्रा न भरता, नुसता ट्रिगर दाबायचा. छर्रा सुटत नसल्यामुळे नजर टार्गेटकडे धावत नाही, फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या माशीवरच राहते. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी माझे मनगट किंचित खाली जाते आणि फोरसाइट मागच्या बाजूच्या बॅकसाइटच्या खाचेत बुडते, हे मला त्या भिंतीसमोरच दिसले. पैसे वाचवण्यासाठी सुरू केलेल्या या सरावानेच माझा सर्वांत मोठा दोष पकडला.

पैशापेक्षाही शिफ्टने जास्त छळले. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळी रेंजवर गेलो, की हात उचलताच खांदा थरथरत असे. त्या आठवड्यात मी फक्त ड्राय सराव ठेवू लागलो. एकदा राज्य स्पर्धेसाठी दोन दिवसांची रजा मागितली, तर महिनाअखेरीस माल पाठवायचा असल्याने ती नाकारली गेली आणि भरलेली प्रवेश फी वाया गेली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा आमच्या रेंजवर पेढे वाटले गेले. ते 2015 पासून मध्य रेल्वेत नोकरीला होते. खेळाडू म्हणून मिळालेल्या नोकरीतला नियमित पगार आणि सरावाची मुभा यांचे मोल किती असते, ते मला त्या नाकारलेल्या रजेमुळे नेमके उमगले. त्यांच्याविषयीचा आदर त्याने वाढलाच, कारण निवांतपणा मिळाला तरी गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम साधायचा असतो तो स्वतःलाच.

नवे परदेशी पिस्तूल दोन लाखांच्या पुढे जात होते. ते परवडणारे नव्हते, म्हणून जुने घ्यायचे ठरवले. कारखान्यातल्या बारा जणांनी महिना 7,000 रुपयांची भिशी लावली आणि माझा नंबर नवव्या महिन्यात लागला. घरी पत्नीने एकच अट घातली, ‘भिशी तुमची, पण दिवाळीचा बोनस घराचा.’ ती मी पाळली. जुन्या पिस्तुलाचे मालक 95,000 सांगत होते. सरांनी नळीकडे न पाहता आधी हवेच्या सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचली. सिलिंडरची मुदत उत्पादनापासून दहा वर्षे धरतात आणि ती उलटलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. आमच्यापुढच्या सिलिंडरचे चौदा महिने उरले होते. तेवढ्या मुद्द्यावर सौदा 80,000 ला ठरला. जुने पिस्तूल घेणाऱ्याने ही तारीख पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

ग्रिप मी रविवारी दुपारी पॉलिश पेपरने घासत तीन आठवड्यांत तळव्याला बसवली. पुढच्या जिल्हा स्पर्धेत 600 पैकी 541 गुण पडले. आधीच्या वर्षी क्लबच्या पिस्तुलाने 526 होते. आता नवे सिलिंडर घेऊन झाले आहे. या वर्षीच्या भिशीत माझा नंबर चौथा आहे आणि त्या पैशांतून एकाच लॉटचे, वर्षभर पुरतील एवढे छर्रे घ्यायचे ठरले आहे.