व्हायरलची गॅरंटी आम्ही देत नाही

बडोद्याच्या दांडिया बझारात बाबांनी १९८०च्या दशकात कॅसेट भरून देण्याचं दुकान टाकलं. सकाळी गाण्यांची यादी द्यायची, संध्याकाळी भरलेली कॅसेट न्यायची. कॉपीराइटचं नाव तेव्हा गल्लीत कोणी काढत नसे. आज माझं निम्मं डोकं त्यातच जातं. कॅसेट गेली, सीडी गेली, तेव्हा मी मागच्या खोलीला फोम लावून छोटा स्टुडिओ केला. नवरात्रीआधी गरबा, गणपतीआधी मंडळांच्या आरत्या, एरवी भजनं आणि शाळांच्या गॅदरिंगची गाणी. धंदा बेताचा, पण नेमाचा.

जून २०२०च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. लॉकडाऊननंतर आम्ही शटर उघडलं तर गिऱ्हाइकांची बोलीच बदललेली. पूर्वी विचारायचे, अंतरे किती ठेवू या? आता दारातच, "भाई, हूक क्यां आवे छे?" म्हणजे गाण्यातला चटकन डोक्यात बसणारा तुकडा कुठे येतो? रील सुरुवातीला पंधरा सेकंदांचं. त्यात आलापाला जागा नाही, गरब्याआधी म्हणतात त्या दोन ओळींच्या दुह्याला तर नाहीच. थेट ठेक्यावर उडी.

जुनी मंडळी नाकं मुरडतात. मी त्यांना सांगतो, आपल्या बडोदा दरबारचे गवई फैयाझ खाँसाहेब, त्यांनाही ग्रामोफोनच्या ७८च्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटांतच राग मांडावा लागत होता. पण त्या तीन मिनिटांत चीज पुरी व्हायची. इथे आम्ही चार मिनिटांचं गाणं राबून करतो आणि लोक त्यातला तुकडा ऐकून पुढे सरकवतात. हे मला अजून पचलेलं नाही.

मिक्सिंगही बदललं. आता मिक्स आधी साध्या मोबाइलवर लावून बघतो. ढोलाची धमक त्या इवल्या स्पीकरमधून येतच नाही, नुसता काठीचा कडकडाट उरतो. मग ढोलाला थोडं डिस्टॉर्शन देऊन त्याचे वरचे स्वर जागे करायचे, म्हणजे कानाला खालची धमक असल्याचा भास होतो. मैदानावरच्या साउंडवाल्यासाठी मिक्स वेगळा.

खरी डोकेदुखी नावाची. आमच्याकडे गायलेल्या एका मुलीचा गरबा कोणीतरी आपल्या नाचाच्या व्हिडिओला लावून टाकला. अ‍ॅपने तो त्याचाच ‘ओरिजिनल ऑडिओ’ धरला. पुढे ज्यांनी तो आवाज उचलला त्यांच्या रीलवर नाव त्या नाचणाऱ्याचं. गायिका कुठेच नाही. तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरला: गाणं आधी डिस्ट्रिब्यूटरमार्फत (अ‍ॅपपर्यंत गाणी पोचवणारी कंपनी) अ‍ॅपच्या लायब्ररीत जाणार, रेकॉर्डिंगला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा अक्षर-आकड्यांचा बारा खुणांचा क्रमांक लागणार, गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यायचं, आणि मगच रील. मुलं कंटाळतात, पण मी फाइल सोडत नाही. पारंपरिक गरब्यात आणखी एक गुंता असतो. शब्द-चाल कोणाच्याच मालकीची नाही, पण प्रत्येकाचं रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं. यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे कोणाचं गाणं कुठे वापरलंय ते आपोआप ओळखणारी यंत्रणा, सारख्या चालींत कधी गफलत करते आणि भलत्याचाच दावा येऊन पडतो. म्हणून मूळ सेशनच्या फाइली आम्ही जपून ठेवतो. वाद आला की त्या उघडून दाखवता येतात.

पैशाचं म्हणाल तर रीलमधून आमच्यासारख्यांकडे गाणाऱ्या गायकांच्या हाती चहापाण्यापुरतंच पडतं. रील चाललं की कार्यक्रम वाढतात, मानधन वाढतं, कमाई ती. २०२३च्या जुलैत कोक स्टुडिओ भारतवर आदित्य गढवींचं ‘खलासी’ आलं आणि त्या नवरात्रीत जिथे जावं तिथे तेच वाजत होतं. त्यानंतर प्रत्येक ग्रुपला "तसंच काहीतरी" हवं असतं. मी दरपत्रक पुढे सरकवतो: रेकॉर्डिंग, मिक्सिंग, उभा व्हिडिओ, नोंदणी. व्हायरल करण्याचा दर त्यात नाही. तेवढ्यावरून काहीजण दुसरीकडे गेलेही, जाऊ देत.

सध्या मंडळांच्या आरत्यांचं काम चालू आहे. आरती कोणी पंधरा सेकंदांत कापून मागत नाही, म्हणून वर्षातला हा महिना मला सगळ्यात सुखाचा जातो.