तीन भाषांची वेबसाइट आणि होस्टिंगवाल्यांची प्रश्नचिन्हं

काटोल रोडला आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. वरूड-नरखेडचे शेतकरी मराठीत विचारतात, छिंदवाडा-शिवनीचे हिंदीत आणि लांबच्या राज्यांतले बागायतदार इंग्रजीत. म्हणून वेबसाइट तिन्ही भाषांत करायची ठरली.

डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, लवकर निपटलं. तीन भाषांना तीन डोमेन घ्या, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. म्हणजे तीन नूतनीकरणं आणि गुगलवर तीनदा शून्यापासून सुरुवात. गिऱ्हाईक सगळं भारतातलं, मग डॉट इन एकच घेतलं आणि त्यात मराठी, हिंदी, इंग्रजीचे तीन फोल्डर केले. डॉट भारत देवनागरीत २०१४ पासून मिळतं. मला ते मनापासून आवडलं होतं, पण त्यावरचा ईमेल पत्ता अजून कितीतरी ऑनलाइन फॉर्म घेतच नाहीत.

खरा मनस्ताप होस्टिंगने, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरने, दिला. सर्व्हर मुंबईत, वेग चांगला, दरही परवडणारा. मग ऐन लागवडीच्या तोंडावर कंपनीने आमचं खातं परस्पर नव्या सर्व्हरवर हलवलं. सकाळी ऑर्डरींची यादी उघडली तर नावाच्या जागी ?????, गावाच्या जागी ????, आणि पुढे 300 कलमं. कलमं रंगपूर लाईमच्या खुंटावरची हवीत की जंबेरीच्या, तिथेही प्रश्नचिन्हं. इंग्रजी ऑर्डरी मात्र जशाच्या तशा.

सपोर्टला फोन केला. "सर, कॅशे क्लिअर करा." केली. "ब्राउझर बदलून बघा." बघितला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. डेटाबेसमधल्या रांगांचे फोटो पाठवले, तर उत्तर आलं की आमच्या बाजूने सर्व्हर व्यवस्थित आहे, आणि तक्रार बंद. मी पुन्हा उघडायचो, ते पुन्हा बंद करायचे. इकडे बाबा फोन घेऊन बसलेले, कारण मोबाइल नंबर तेवढे शाबूत होते: "दादा, तुम्ही कलमं सांगितली होती, नाव-गाव सांगता का जरा?" पाऊस तोंडावर आलेला शेतकरी अशा प्रश्नाला काय म्हणेल!

शेवटी रात्रपाळीच्या एका मुलाने डेटाबेसची टेबलं स्वतः उघडून पाहिली. हलवताना सगळी टेबलं लॅटिन१ या अक्षरं साठवायच्या जुन्या प्रकारात गेली होती. त्या प्रकारात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. हे नीट समजून घ्या: मजकुराऐवजी विचित्र युरोपीय अक्षरांची रांग दिसत असेल, तर मूळ मजकूर बहुतेक वेळा परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षर गेलंच, बॅकअप हाच उपाय. हलवण्याआधीचा बॅकअप त्यांच्याकडे होता, पण त्याचे वेगळे पैसे मागितले. मी ठाम नकार दिला, रोज लेखी मागणी केली, आणि तो फुकट मिळवला. मग होस्टिंगच बदललं.

त्यामुळे पैसे भरण्याआधी एक चाचणी टेबल करा. प्रकार यूटीएफ८एमबी४ ठेवा (त्यात देवनागरी बसते), त्यात "वऱ्हाड" लिहा, बॅकअप उतरवून दुसरीकडे चढवा आणि शब्द तसाच येतो का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. हे करू न देणाऱ्या कंपनीकडे जाऊच नका. बॅकअपची एक प्रत स्वतःच्या संगणकावर हवीच.

फोल्डरबद्दल एक राहिलं. पाहुणा कुठून आला त्यावरून आपोआप भाषा बदलू नका. नागपुरातल्या माणसाला मराठी हवी की हिंदी, हे त्याच्या इंटरनेट पत्त्यावरून कळत नाही. शिवाय पानं वाचून नोंदवणारा गुगलचा रोबो बहुधा अमेरिकेतून येतो, म्हणजे त्याला इंग्रजीच दिसेल. वर तीन भाषांची नावं लिहून ठेवा, ज्याला जी हवी ती तो निवडेल. एचरेफलँगचे, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गुगलला सांगणारे, दुवे तिन्ही पानांवर एकमेकांकडे परत येणारे हवेत. एकतर्फी दुवा गुगल धरत नाही.

पानांचे पत्ते मी रोमन अक्षरांतच ठेवले. देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक चिन्हाची (काना, मात्रा, वेलांटीही वेगळी धरून) नऊ रोमन अक्षरं होतात, नुसत्या "नागपूर"ची ५४. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या शीर्षकावरून होणाऱ्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. "अंबिया बहाराचे पाणी व्यवस्थापन" एवढं साधं शीर्षकही त्यात पूर्ण बसत नाही.