पेनातला पीळ

कंटाळवाणी मीटिंग सुरू झाली की माझ्या हाताला पेनाचा चाळा लागतो. टिक-टिक, टिक-टिक. कुणी डोळे वटारले की पेन उघडून आतली स्प्रिंग काढायची, टेबलावर उभी करून बोटानं दाबायची. सोडली की टुणकन उडते आणि नेमकी डोळे वटारणाऱ्याच्याच कागदांवर जाऊन पडते.

कित्येक वर्षं माझी समजूत होती की स्प्रिंग दाबली म्हणजे तार दबते. छे! तार पिळली जाते. बोटाचा जोर वेटोळ्याच्या मधोमध, तार मात्र त्या मध्यापासून बाजूला. म्हणजे पाना लावून नट फिरवावा तसाच प्रकार. तारेचा एक पातळ थर शेजारच्या थरावरून सरकू पाहतो. या सरकवणाऱ्या जोराचं दर क्षेत्रफळामागचं माप, 'कर्तन प्रतिबल' या भारदस्त नावामागे एवढंच आहे. पत्त्यांचा कॅट तिरका ढकलावा तसं. फक्त पत्ते तिरकेच राहतात, पोलाद मात्र मुकाट्यानं जागेवर येतं.

येतं कारण दाबताना आपण केलेलं काम त्यात साठलेलं असतं. किती? दर घनफळामागे, प्रतिबलाचा वर्ग भागिले रिजिडिटी मॉड्युलसची (म्हणजे असं सरकायला पदार्थ किती विरोध करतो, त्या मापाची) दुप्पट. पोलादासाठी हा मॉड्युलस साधारण 80 गिगापास्कल, म्हणजे 80 हजार मेगापास्कल (पास्कल हे प्रतिबलाचंही एकक). प्रतिबल 400 मेगापास्कल धरलं, तर घनसेंटीमीटरमागे 1 ज्यूल. म्हणजे 100 ग्रॅमची वस्तू जेमतेम मीटरभर उचलण्याइतकी ऊर्जा. तीसुद्धा सगळीकडे सारखा ताण असेल तर. पिळलेल्या तारेत सगळा भार सालीवर. गाभ्यात प्रतिबल शून्य! हिशेब केला की बरोबर निम्मी ऊर्जा हाती लागते. मधलं पोलाद नुसतं हजेरी लावून बसलेलं असतं. (मीटिंगमध्ये हे आठवलं की हसू दाबावं लागतं.)

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. चांगल्या स्प्रिंगचं उलट आहे: हात काढला की पीळ गेलाच पाहिजे. न जाणारा पीळ म्हणजे तार कामातून गेली.

परवा तो पीळ डोळ्यांनी बघावा म्हणून दोन्ही टोकं धरून जरा जास्तच ओढलं. वेटोळी सुटली ती सुटलीच. माझी बरीचशी मेहनत तारेत उष्णता होऊन विरली, बोटाला कळलंसुद्धा नाही. आता त्या पेनाचं टोक कागदाला टेकवलं की आत पळतं.