तुम्ही विचारलंत म्हणून: नेब्रास्कात आहे तरी काय?

गावी गेले की हा प्रश्न येतोच. "अमेरिकेत राहायचं तर न्यूयॉर्क सोडून त्या नेब्रास्कात काय आहे? नुसतं सपाट रान आणि मका ना?" मी जत तालुक्यातली. टँकरचा हॉर्न वाजला की कळशी घेऊन पळायचं, हे माझं लहानपण. म्हणून माझं उत्तर एका शब्दाचं असतं: पाणी. पण तेवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही.

आधी 'सपाट'चं सांगते. नेब्रास्कातली सर्वांत उंच जागा, पॅनोरमा पॉइंट, आपल्या कळसूबाईपेक्षाही किंचित उंच भरते. तिथे उभं राहिलं तर मात्र डोंगर दिसत नाही, गवतच दिसतं. रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून मिसुरी नदीपर्यंत सगळी जमीनच सावकाश उतरत आली आहे. पूर्वेला वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पश्चिमेला जेमतेम निम्मा. या उतारावरून प्लॅट नदी वाहते, रुंद आणि इतकी उथळ की मधल्या वाळूत माणूस चालत जाईल. इथले मूळ रहिवासी ओटो लोक तिला 'सपाट पाणी' म्हणत. त्यांचाच शब्द पुढे राज्याचं नाव झाला.

मी प्लॅटकाठच्या कार्नीला राहते. मार्चमध्ये इथे सँडहिल क्रेन उतरतात, आपल्या क्रौंचाच्या कुळातले राखी, लाल कपाळाचे पक्षी, पाच लाखांहून जास्त. रात्रभर ते नदीच्या उथळ पाण्यात उभे असतात. पहाटे लाकडी आडोशामागे श्वास धरून बसावं. आधी अंधारातून नुसता आवाज येतो, मग उजाडतं आणि ज्याला आपण वाळूचं बेट समजत होतो तेच उडून जातं. दिवसा ते शेतात सांडलेला मका टिपतात.

पण खरं धन जमिनीखाली आहे. ओगलाला हा भूजलसाठा आठ राज्यांखाली पसरलाय, त्यातलं सर्वांत जास्त पाणी नेब्रास्काखाली. उत्तरेकडे सँडहिल्स म्हणजे गवतानं धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर. तिथे पाऊस वाहून जात नाही, वाळू तो पिऊन खाली पोचवते. नांगर लावला की ती उडते, म्हणून तिथे गुरं पाळतात. राज्यात माणसं वीस लाखांच्या आसपास, गुरं जवळपास तिप्पट. मका गुरांना आणि इथेनॉलला जातो, गुरं मांसाच्या कारखान्यांना.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर दिले. ती जमीन रिकामी नव्हती, हे मी प्रत्येकाला सांगते. १८७७ मध्ये इथल्याच पोंका या मूळ रहिवासी लोकांना हाकलून दक्षिणेला नेलं. तिथे त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर याचा मुलगा वारला. त्याला आपल्या मातीत पुरायला बाप परत निघाला आणि पकडला गेला. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयाला निकाल द्यावा लागला की कायद्याच्या लेखी इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, हाही माणूस आहे. निकाल द्यावा लागला, हेच मला अजून टोचतं.

विमानातून पाहिलंत तर तेच १६० एकरांचे चौकोन दिसतात, आणि अनेकांत एक हिरवं वर्तुळ. मधोमध पाण्याचा खांब, त्याला जोडलेला सुमारे ४०० मीटर लांबीचा नळ, चाकांच्या मनोऱ्यांवर तोललेला, खांबाभोवती फिरत पाणी शिंपडणारा. इथे त्याला पिव्हट म्हणतात. जवळ उभं राहिलं तरी चाक फिरतंय हे चटकन कळत नाही. आधी मोटरची घरघर ऐकू येते, थोड्या वेळानं कळतं की चाकाचा ठसा पुढे सरकलाय. चौकोनाचे कोपरे कोरडे राहतात. अमेरिकेत सर्वांत जास्त ओलित याच राज्यात आहे.

एवढा उपसा झाला तर साठा संपेल, ही भीती खरी आहे. टेक्सास आणि कॅन्ससमध्ये पातळी फार खाली गेली. नेब्रास्कानं १९७२ पासून नदीखोऱ्यांच्या हद्दीप्रमाणे वेगळे निसर्गसंपत्ती जिल्हे आखले. आज ते २३ आहेत. त्यांची मंडळं लोकच निवडून देतात आणि उपशावर मर्यादा घालायचा हक्क मंडळांना आहे. त्यामुळे इथली पातळी सरासरीनं बरीच टिकली. सगळं आलबेल नाही. खतातलं नायट्रेट विहिरींत उतरलंय आणि काही गावांना पिण्याचं पाणी शुद्ध करायला मोठा खर्च करावा लागतोय.

आमच्या वडिलांनी जतला चार बोअर घेतले, तीन कोरडे गेले. चौथ्याला पाणी लागलं, पुढच्याच वर्षी शेजाऱ्यानं त्याहून खोल बोअर घेतला आणि आमचं आटलं. ते इथे आले तेव्हा मी त्यांना ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे नेलं. बोअरच्या तोंडाशी पाण्याचा मीटर होता. अमुक वर्षांत मिळून शेतावर इतकेच इंच पाणी, असं तो समजावत होता, मी मराठीत सांगत होते. वडील वाकून आकडे वाचत राहिले. मग म्हणाले, "विचार त्याला, शेजाऱ्याच्या बोअरलाही असाच मीटर आहे का?"

मी विचारलं. तो म्हणाला, आहे.