तुम्ही विचारलंत म्हणून: असले सिनेमे का बघते?

"दिवसभर राबून यायचं आणि वर असले जीव जड करणारे सिनेमे बघायचे, कशाला गं?" मामी दर भेटीत विचारते. ऑफिसातल्या मैत्रिणीही विचारतात. दरवेळी मी विषय बदलते. आज सांगते.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१५ च्या एप्रिलमध्ये लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाहिला. म्हाताऱ्या लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला. कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते. २०२१ मध्ये करोनाने गेले, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

सरकारी वकील बाईंचा मला भयंकर राग येत होता. मग कोर्ट सुटतं. बाई लोकल पकडतात, मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. ती माझीच संध्याकाळ होती. गीतांजली कुलकर्णीने ती इतकी खरी उभी केली, की राग कुठे ठेवू कळेना. त्यांच्या जागी मी असते तर वेगळं वागले असते का? याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आणि मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. हे ती रेशनच्या दुकानाची वेळ सांगावी तसं सांगते. मागे संगीत नाही, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झेपावत नाही. एरवी कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगतं आणि रडून मी मोकळी होते. इथे मोकळं होताच आलं नाही. हातानं गटारं साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. तो मला ठाऊक होता, पण तो खडा ठाऊक नव्हता.

मामी, थकवा असतोच गं. पण त्या दोन तासांत मला कुणी घाई करत नाही, एका बाईचं बोलणं पुरतं ऐकायला मिळतं. साक्षीनंतर बचावाचा वकील तिला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो. ती म्हणते, काही काम असलं तर सांगा.