स्टॉपवॉच का सोडलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी आजवर हसण्यावारीच नेत आलोय. 'टाइम स्टडीत एवढा हातखंडा, मग सोडलंत का? दमलात?' टाइम स्टडी म्हणजे स्टॉपवॉच लावून कामगाराच्या कामाचे सेकंद मोजणं; तेच माझं काम होतं. दमलो नव्हतो. वेगाचा तिटकाराही नाही. पार्सल एक दिवस उशिरा आलं तर घरात आधी मीच चिडतो.

फोर्डच्या कारखान्यात 1913 साली सरकती लाइन आली आणि चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायचे साडेबारा तास पुढे दीड तासावर आले, हे नव्या मुलांना मी छाती फुगवून सांगायचो. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. तेच भांडवल वर्षात जितक्या वेळा फिरेल तितकी कमाई. यातलं काही खोटं नाही, आजही नाही.

पॅकिंगला एक बाई होत्या. बाकीच्यांना खोक्यामागे 14 सेकंद लागायचे, त्यांना 11. कसं जमतं विचारलं, तर त्यांनी कौतुकानं दाखवलं. डावा हात झाकण मिटत असतानाच उजवा टेपवर. टेपचं टोक आधीच दुमडलेलं, नखानं शोधत बसायला नको. दुसऱ्यांदा सावकाश दाखवलं, मला लिहून घेता यावं म्हणून. वाचलेल्या तीन सेकंदांत त्या मान सैल करायच्या, शेजारणीशी एखादं वाक्य बोलायच्या. मी ते 'रिकामा वेळ' या रकान्यात भरलं. पुढच्या महिन्यात सगळ्या लाइनचं टार्गेट 11 झालं, इन्सेंटिव्ह त्याहून जलद केलं तरच. त्यांची जादा कमाई गेली, शेजारणी रोज मागे पडू लागल्या.

त्या भांडल्या नाहीत. "साहेब, मी दाखवलं म्हणूनच ना?"

"वरून ठरतं," मी म्हणालो. ठरत होतं वरूनच. आकडा माझ्या अक्षरात होता.

जास्त काम दिसलं की दर कापतात, म्हणून मजूर मुद्दाम हात राखतात, हे टाइम स्टडीचा जनक, अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर, यानं खुद्द नोंदवलेलं. नीट मोजलं की ती वेळ येणार नाही, असं तो म्हणायचा. मीही म्हणायचो.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: समोरच्या कंपनीनं 11 गाठले असते तर लाइनच बंद पडली असती, मग? याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि त्यानंतर दोन वर्षं मी तिथेच मोजत होतो, तेही लिहून टाकतो.

घरातल्या टेपचं टोक मी दुमडूनच ठेवतो. वेळ वाचतो.